उडत्या तबकड्यांच्या गावी जायचंय? आधी गाव नीट निवडा

अमेरिकेत नव्यानं आलेल्या मराठी कुटुंबाच्या सहली ठरलेल्या असतात. नायगारा, ग्रँड कॅन्यन, लास व्हेगास, जमलं तर यलोस्टोन. ते उरकलं की तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुणीतरी विचारतं, "ते एलियनवालं गाव कुठंय गं? जाऊन येऊ या का?" मी फिनिक्सला राहते, म्हणजे वाळवंटातच. त्यामुळे हा फोन वर्षातून दोन-तीनदा माझ्याकडे येतोच. मी उलट विचारते, "कुठलं एलियनवालं गाव?"

कारण अशी गावं एक नाही, निदान पाच आहेत. एकमेकांपासून शेकडो मैल लांब आणि स्वभावानं पार वेगळी. एकात हिरव्या बाहुल्यांच्या दुकानांची रांग आहे, तर दुसऱ्यात साधा पेट्रोलपंप नाही. लोक नाव ऐकून निघतात, चुकीच्या गावी पोचतात आणि "काही नव्हतं हो तिथं" म्हणत परत येतात. त्यांनी गाव निवडलेलंच नसतं.

एक गंमत सांगते आणि मग कामाला लागते. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नल्ड नावाच्या वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू उडताना दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते तशा त्या जात होत्या, असं त्यानं सांगितलं. तो चालीबद्दल बोलत होता. वर्तमानपत्रांनी आकाराबद्दल घेतलं आणि 'उडती बशी' असा शब्द रूढ करून टाकला. मराठीत तिची तबकडी झाली. बशीच ठेवली असती तर चहावाल्या महाराष्ट्रात कुणी घाबरलं नसतं. पण या घटनेनंतर जेमतेम दोन आठवड्यांत रॉसवेलजवळ तबकडी सापडल्याचं प्रकरण घडलं, हे लक्षात ठेवा. त्या महिन्यात सगळा देशच मान वर करून बघत होता.

पहिली पायरी: नक्की काय बघायचंय ते ठरवा

कागद-पेन नको, गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: गोष्ट हवी, गुपित हवं, दिवे हवेत की नुसतं आकाश हवं?

गोष्ट हवी असेल, म्हणजे काय घडलं, कोण काय म्हणालं, कागद कुठं आहेत, तर न्यू मेक्सिकोतलं रॉसवेल. सरकारी गुपिताच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायची खाज असेल तर नेव्हाडातलं रेचेल. स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी दिसावं अशी इच्छा असेल तर टेक्ससमधलं मार्फा. परग्रहवासी भेटल्याचं सांगणाऱ्या माणसांबद्दल कुतूहल असेल तर कॅलिफोर्नियात जोशुआ ट्रीजवळचं लँडर्स. आणि आकाशाखाली निवांत पडून राहायचं असेल तर कोलोरॅडोतलं हूपर.

मुलं दहा-बारा वर्षांच्या आतली असतील तर पुढचं न वाचता रॉसवेल धरा. बरोबर आई-बाबा किंवा सासू-सासरे असतील तर स्वच्छतागृह किती अंतरावर आहे यावर गाव ठरतं, हे मी अनुभवानं सांगते.

दुसरी पायरी: एकेका गावाची ओळख

रॉसवेल. सुमारे ४८ हजार वस्तीचं हे खरंखुरं शहर आहे. हॉटेलं आहेत, दवाखाना आहे, वॉलमार्ट आहे. अल्बुकर्कीहून साधारण २०० मैल, म्हणजे तीन तासांचा सरळ रस्ता. मुख्य रस्त्यावरच्या दिव्यांच्या गोळ्यांना परग्रहवासीयांचे तिरपे डोळे काढलेत, मॅक्डोनाल्ड्सची इमारत तबकडीच्या आकाराची आहे. मुलं तिथंच खूश होतात.

पण मोठ्यांनी वेळ द्यायचा तो संग्रहालयाला. इंटरनॅशनल यूएफओ म्युझियम अँड रिसर्च सेंटर हे जुन्या सिनेमागृहात आहे. १९९१ मध्ये त्याची स्थापना झाली. बहुतेक लोक धूर सोडणाऱ्या तबकडीसमोर फोटो काढून वीस मिनिटांत बाहेर पडतात. तसं करू नका. आधी भिंतीवरची वर्तमानपत्रं क्रमानं वाचा. ८ जुलै १९४७ चं 'रॉसवेल डेली रेकॉर्ड' सांगतं की, हवाईतळानं एका रँचवर उडती तबकडी ताब्यात घेतली. आणि एका दिवसात सूर बदलतो: हवामानाचा फुगा होता म्हणे. टेक्ससमधल्या फोर्ट वर्थ हवाईतळावर जनरल रॅमी आणि ते अवशेष आणणारा मेजर मार्सेल चुरगळलेल्या चंदेरी कागदाजवळ बसून फोटो काढून घेतात. झालं, प्रकरण मिटलं. पुढची तीस वर्षं ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. १९७८ मध्ये मार्सेलनं एका संशोधकाला मुलाखतीत सांगितलं की, ते अवशेष परग्रहावरचे होते, आणि तिथून आजचं रॉसवेल जन्माला आलं.

हवाई दलानं १९९४ मध्ये अहवाल काढून सांगितलं की, तो साधा हवामानाचा फुगा नव्हता, तो 'मोगल' प्रकल्पाचा होता. फुग्यांची लांबलचक माळ, तिला ध्वनी टिपणारी यंत्रं आणि रडारसाठी चंदेरी कागदाचे परावर्तक. सोव्हिएत अणुचाचणीचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरात ऐकू येईल का, हे बघायचं होतं. काम गुप्त, म्हणून खोटं बोलले. म्हणजे सरकार काहीतरी लपवतंय असं म्हणणारे चूक नव्हते; काय लपवतंय याबद्दल त्यांची गल्लत झाली. मला तरी ही गोष्ट परग्रहवासीयांपेक्षा रंगतदार वाटते.

एक खुलासा, कारण यावरून गाडीत भांडणं होतात: ते अवशेष रॉसवेलमध्ये पडलेच नव्हते. ती रँच वायव्येला सुमारे ७५ मैलांवर, कोरोना नावाच्या वस्तीच्या बाजूला. "क्रॅश साइट" बघायची म्हणून भर दुपारी माळावर भटकू नका. त्यापेक्षा पूर्वेला बॉटमलेस लेक्स स्टेट पार्क आहे, १९३३ मध्ये झालेलं न्यू मेक्सिकोतलं पहिलं राज्य उद्यान. जमीन खचून झालेले खोल डोह आहेत. नाव 'अथांग', पण सगळ्यात खोल डोह ९० फुटांचा. पोहायला मिळतं.

रॉसवेलची दुसरी ओळख बहुतेकांना ठाऊकच नसते. द्रवइंधनाचं रॉकेट पहिल्यांदा उडवणारा रॉबर्ट गॉडार्ड १९३० नंतर दहाएक वर्षं इथंच प्रयोग करत होता. म्हणजे या गावातून आकाशात खरोखर काहीतरी उडत होतं. त्याचं साहित्य रॉसवेल म्युझियममध्ये आहे, पण ऑक्टोबर २०२४ च्या पुरात या संग्रहालयाचं मोठं नुकसान झालं. वाळवंटात पूर, हो. जाण्याआधी ते उघडं आहे का, हे बघून घ्या.

खाण्याचं: न्यू मेक्सिकोत मिरचीचं राज्य आहे. वेटर विचारतो, "रेड ऑर ग्रीन?" दोन्ही हवं असेल तर "ख्रिसमस" म्हणायचं. शाकाहारी असाल तर एवढंच पुरत नाही. घोटलेल्या राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते आणि हिरव्या मिरचीच्या रश्श्यात मांस. मांस नाही ना, एवढं विचारून थांबू नका. 'लार्ड' आहे का, हे नाव घेऊन विचारा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात इथं यूएफओ महोत्सव असतो. पोशाख स्पर्धा, मिरवणूक, माणसंच माणसं. जत्रा आवडत असेल तर जरूर जा, खोली मात्र काही महिने आधी घ्या. मला विचाराल तर ऑक्टोबर बरा.

रेचेल. आता पार दुसरं टोक. जेमतेम पन्नास माणसांची वस्ती, माळावर विखुरलेली फिरती घरं, एक खानावळ. लास व्हेगासहून साधारण १५० मैल, अडीच तास. आधी ९३ नंबरचा महामार्ग आणि मग राज्यमार्ग ३७५, ज्याला नेव्हाडानं १९९६ मध्ये अधिकृतपणे 'एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवे' असं नाव दिलं. ९८ मैलांच्या या रस्त्यावर कधी कधी अर्धा तास समोरून एक गाडी येत नाही. फोनला रेंज नाही.

खानावळीचं नाव 'लिटल एलिइन'. मोठ्यानं म्हणून बघा, कोटी कळेल. तिथंच राहायची सोयही आहे, पण खोल्या म्हणजे फिरत्या घरातल्या खोल्या आणि न्हाणीघर सामायिक. सासूबाईंना घेऊन जाणार असाल तर हे वाक्य दोनदा वाचा.

लोक इथं येतात ते एरिया ५१ या गुप्त लष्करी तळासाठी. ग्रूम लेक नावाच्या कोरड्या तळ्याकाठचा तळ १९५५ मध्ये यू-२ या हेरगिरी विमानाच्या चाचण्यांसाठी उभा राहिला. पुढं ए-१२ आलं, रडारला न दिसणाऱ्या विमानांचे पहिले नमुने आले. साठ-सत्तर हजार फुटांवरून, म्हणजे तेव्हाच्या प्रवासी विमानांच्या तिपटीहून वर काही उडू शकतं हे लोकांना माहीतच नव्हतं. खाली संध्याकाळ झालेली असायची आणि वर त्या विमानाच्या पंखांवर अजून ऊन चमकायचं. मग फोन जायचे: आकाशात आग दिसतेय. सीआयएनं या तळाचं नाव घेऊन तो असल्याचं कबूल करणारी कागदपत्रं २०१३ मध्ये खुली केली. तोवर लोक त्याच्या नावाचे टी-शर्ट वीस वर्षं विकत होते.

तळ दिसतो का? नाही. रस्त्यावरून डोंगर दिसतात. जवळच्या ज्या दोन टेकड्यांवरून तो दिसायचा त्या १९९५ मध्ये बंद केल्या. आता टिकाबू शिखर उरलंय. तिथून तळ सुमारे २६ मैल, चढ खडा, आणि दुर्बिणीतून धुरकट पांढरे ठिपके. मी वर गेलेले नाही आणि जायची इच्छाही नाही. रेचेलला जायचं ते त्या रिकामेपणासाठी. संध्याकाळी गाडी बंद करून खाली उतरलात की स्वतःच्या कानातला आवाज ऐकू येतो. तेवढ्यात डोक्यावरून लढाऊ विमान जातं आणि छातीत धडधडतं, कारण हा सगळा भाग हवाई दलाच्या सरावक्षेत्राला लागून आहे.

मार्फा. टेक्ससच्या पश्चिम टोकाला, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,७०० फुटांवर, दोन हजारांहून कमी वस्ती. गावाच्या पूर्वेला नऊ मैलांवर महामार्गालगत सरकारनं बांधलेली बघण्याची जागा आहे. फुकट, रात्रभर उघडी, स्वच्छतागृहासकट. अंधार पडला की नैर्ऋत्येला चिनाटी डोंगरांच्या दिशेनं क्षितिजावर दिवे उमटतात. एक उमटतो, थरथरतो, दोन होतात, एक विझतो. हे 'मार्फा लाइट्स'. इथली खासियत अशी की, दिवे बहुतेक रात्री खरंच दिसतात. ते काय आहेत याकडे शेवटी येते.

गाव कलाकारांचं आहे. डोनल्ड जड हा शिल्पकार १९७० च्या दशकात इथं येऊन राहिला आणि रिकामे लष्करी गोदामवजा हॉल त्यानं अॅल्युमिनियमच्या पेट्यांनी भरले. त्यामुळे परग्रहवासीयांच्या बाहुल्या कमी, महागडी कॉफी जास्त. सोमवार ते बुधवार निम्मं गाव बंद असतं. गुरुवार ते रविवार असंच जमवा. आणि घड्याळ: एल पासोहून निघालात तर वाटेत एक तास पुढे जातो. आम्ही रात्रीच्या जेवणाला पोचलो तेव्हा स्वयंपाकघर बंद झालेलं होतं आणि आम्ही कारच्या डिकीत दशम्या-चटणी खाल्ली. दशम्यांचा तो शेवटचा डबा होता.

जवळच फोर्ट डेव्हिसच्या डोंगरात मॅक्डोनाल्ड वेधशाळा आहे. तिथल्या रात्रीच्या आकाशदर्शनाची जागा आधी राखून ठेवा. नुसत्या दिव्यांसाठी एवढं लांब जाणं काहींना जड वाटेल. वेधशाळा धरली की सहल वसूल.

लँडर्स. लॉस एंजेलिसहून अडीच तास. इथं एक पांढरा घुमट आहे, ३८ फूट उंच, 'इंटिग्राट्रॉन' नावाचा. जॉर्ज व्हॅन टॅसल हा विमानउद्योगात काम केलेला माणूस जायंट रॉक नावाच्या प्रचंड शिळेपाशी धावपट्टी आणि उपाहारगृह चालवायचा. १९५३ मध्ये शुक्रावरून आलेल्या पाहुण्यानं आपल्याला पेशींना तरुण करण्याचं तंत्र सांगितलं, असं तो म्हणे. त्या सूचनांबरहुकूम त्यानं हा लाकडी घुमट बांधायला घेतला. १९७८ मध्ये तो वारला. यंत्र पुरं झालंच नाही. आता तिथं गादीवर पडून स्फटिकाच्या वाडग्यांचा नाद ऐकायचा असतो. आधी जागा राखल्याशिवाय आत सोडत नाहीत. शुक्राचं मला माहीत नाही, पण घुमटातला आवाज मात्र विलक्षण आहे. पलीकडच्या भिंतीशी कुजबुजलेलं कानात बोलल्यासारखं येतं. जोडीला जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान आहेच.

हूपर. कोलोरॅडोच्या सॅन लुईस खोऱ्यात शेताच्या कडेला लोखंडी मचाण. २००० सालापासून 'यूएफओ वॉचटॉवर' म्हणून उभं आहे. खाली एक बाग, तीत लोकांनी ठेवून दिलेल्या चीजवस्तू: किल्ल्या, चष्मे, बाहुल्या, पेनं. आपल्याकडे नवसाच्या झाडाला बांधतात ना, तसं. उंची साडेसात हजार फूट, त्यामुळे पहिल्या दिवशी धाप लागते आणि जुलैतही रात्री स्वेटर लागतो. ग्रेट सँड ड्यून्सची वाळू जवळच.

अॅरिझोनातलं सेडोना राहिलं. तिथं अंधारात बघायचा चष्मा लावून तबकड्या दाखवायच्या सहली निघतात. लाल डोंगर अप्रतिम, सहली महाग, आणि त्या चष्म्यातून प्रत्येक उपग्रह दिसतो. समजून घ्या. बेकर हे गाव लॉस एंजेलिस-व्हेगास रस्त्यावरचा थांबा: एलियन जर्की विकणारं दुकान (जर्की म्हणजे सुकवलेलं मांसच), आणि १३४ फुटी तापमापक. पाय मोकळे करा, पुढं निघा.

तिसरी पायरी: तारीख चंद्रावरून धरा

बहुतेक लोक आधी विमानाचं तिकीट बघतात. इथं आधी तिथी बघायची. पौर्णिमेच्या आसपास वाळवंट इतकं उजळतं की वर्तमानपत्र वाचता यावं. तारे नाहीत, दिवे फिके.

घरात कालनिर्णय असेल तर तेच वापरा. कृष्ण अष्टमीपासून शुद्ध चतुर्थीपर्यंतचे दिवस उत्तम. संकष्टी करणाऱ्यांना माहीतच असतं की त्या रात्री चंद्र नऊच्या आसपास उगवतो. पुढं रोज पाऊणएक तास उशीर. म्हणजे अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास येतो आणि तोवर आकाश तुमचं. फक्त लक्षात ठेवा, तिथीच्या वेळा भारतातल्या आहेत. कालनिर्णयात रविवारी सकाळी आठला अमावास्या संपत असेल तर फिनिक्सला तेव्हा शनिवारचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात.

ऋतू: मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर सगळ्यात सोपे. जून ते ऑगस्टमध्ये रॉसवेल, रेचेल आणि लँडर्सचा पारा शंभर फॅरनहाइटच्या, म्हणजे ३८ सेल्सिअसच्या वर जातो. जुलै ते सप्टेंबर न्यू मेक्सिको आणि पश्चिम टेक्ससमध्ये दुपारी वळवासारखा पाऊस येतो. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा, किती खोल आहे ते गाडी घालून बघू नका. हिवाळ्यात आकाश सुंदर, पण रात्री गोठवणाऱ्या.

चौथी पायरी: गाडी, पाणी, कागद

पेट्रोलचा, इथल्या भाषेत गॅसचा, नियम एकच: टाकी अर्धी झाली की भरायची. रेचेलच्या वाटेवर तर व्हेगास सोडल्यावर अॅलामोला टाकी पूर्ण भरल्याशिवाय पुढं जाऊ नका. तिथून रेचेल सुमारे ५० मैल आणि रेचेलपासून पुढं टोनोपा ११० मैल. मध्ये काही नाही. पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून अॅलामो मागे टाकलं. परतताना सुई लाल रेघेवर, एसी बंद, खिडक्या उघड्या आणि नवरा एक शब्द न बोलता. त्याच्या त्या शांततेपेक्षा परग्रहवासी परवडले असते.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, गाडीतच ठेवायचं. स्टेपनीत हवा आहे ना, बघायचं. हल्लीच्या भाड्याच्या गाड्यांत कधी कधी स्टेपनीच नसते. नकाशे आधी फोनवर उतरवून ठेवा. आणि भाड्याच्या गाडीचा करार वाचा: बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी नेऊ देत नाहीत. ग्रूम लेककडे जाणारा रस्ता कच्चा आहे, जायंट रॉकचाही. मला एका कंपनीनं काचेवरच्या खड्याच्या टवक्याचे पैसे लावले होते. वाद घालण्यात अर्थ नव्हता, चूक माझीच होती.

रात्री रेचेलच्या ३७५ रस्त्यावर जनावरं मोकळी असतात. पाटी असते, पण काळी गाय अंधारात पाटी लावून उभी राहत नाही. आम्हाला आधी दोन हिरवे ठिपके दिसले. मागच्या सीटवरून पोरगी किंचाळली, "एलियन!" आणि मी ब्रेक दाबला तेव्हा रस्त्याच्या मधोमध एक कालवड शांतपणे रवंथ करत होती. रात्री तिथं ५० मैलांच्या वर वेग नको, फलक काहीही सांगो.

कागदपत्रांचं मात्र गांभीर्यानं घ्या. मार्फा मेक्सिकोच्या सीमेजवळ आहे. परत येताना नव्हे, जातानाच, एल पासोहून पूर्वेला जाणाऱ्या आय-१० महामार्गावर सिएरा ब्लांकाला सीमा दलाची चौकी लागते आणि सगळ्या गाड्या थांबवतात. "यू.एस. सिटिझन?" असं विचारतात. नसाल तर मूळ पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ या प्रवेशनोंदीची प्रत, ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड हाताशी हवं. भारतातून आलेल्या आई-वडिलांचे पासपोर्ट "हरवतील म्हणून" घरच्या लॉकरमध्ये ठेवून निघणारे दोन जण मला माहीत आहेत.

पाचवी पायरी: पाटी दिसली की थांबा

एरिया ५१ भोवती आपल्याला वाटतं तसं सगळीकडे कुंपण नाही. कच्चा रस्ता जातो, बाजूला नारिंगी खांब येतात, मग पाट्या. टेकडीवर एक पांढरी गाडी उभी असते आणि तिच्यातली माणसं तुम्हाला बघत असतात. पाटीच्या अलीकडे उभं राहायला कुणाची ना नाही. एक पाऊल पलीकडे गेलात तर अटक आणि दंड. आतल्या बाजूचे फोटो काढायलाही मनाई. व्हिसावर असलेल्या माणसाला असली नोंद किती महागात पडेल, ते आपल्या वकिलाला विचारा.

२०१९ मध्ये फेसबुकवर गमतीनं कुणीतरी एरिया ५१ वर धाड टाकायची टूम काढली. वीस लाखांवर लोक "येतो" म्हणाले. २० सप्टेंबरला प्रत्यक्षात आले काही हजार, नाचले, गायले, परत गेले. त्याच महिन्यात दोन डच यूट्यूबर शेजारच्या सरकारी अणुचाचणी क्षेत्रात शिरले आणि तुरुंगाची हवा खाऊन, दंड भरून मायदेशी गेले.

सहावी पायरी: आकाशात काही दिसलं तर

डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. फोन खिशात, टॉर्चला लाल कागद. मग हा क्रम लावा.

लुकलुकतोय आणि लाल-हिरवा आहे: विमान. न लुकलुकता एकाच वेगानं चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडून गेला: उपग्रह, फारच तेजस्वी असेल तर आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक. मोत्यांच्या सरासारखे ठिपके एका रेषेत: स्टारलिंक, २०१९ पासून सर्रास दिसतात. संध्याकाळी पश्चिमेला ढळढळीत, हलत नाही: शुक्र. नारिंगी गोळे हवेत तरंगताहेत, हळूहळू खाली येताहेत, एकेक विझताहेत: लष्कराचे प्रकाशगोळे. लँडर्सजवळ ट्वेंटीनाइन पाम्सला मरीन दलाचा मोठा तळ आहे आणि रेचेलला हवाई दल, त्यामुळे हे दोन्हीकडे दिसतात. यातलं काहीच लागू पडलं नाही तर वेळ, दिशा आणि क्षितिजापासून किती मुठी वर होतं ते लिहून ठेवा. हात ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश. नंतर आठवणीतून लिहिलेलं काही कामाचं नसतं.

आता मार्फाचे दिवे. माझे बाबा तीस वर्षं एसटीत चालक होते, सातारा विभागात. गेल्या ऑक्टोबरात आम्ही त्या ओट्यावर बसलो होतो. थर्मासमधला चहा, अंगावर शाली, बाजूला कॅमेरे लावून बसलेलं टेक्ससचं एक जोडपं. पहिला दिवा उमटला तसं ते जोडपं उठून उभं राहिलं. बाबांनी डोळे बारीक केले.

"अगं, गाडी आहे ती. घाट उतरतीय."

"बाबा, इथून काय कळतंय?"

"वळणाला दिवा जातो, परत येतो. खंबाटकी उतरताना समोरच्या अंगाला असंच दिसतं. ते बघ, आता डिपर मारला."

२००४ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस शाखेतले भौतिकशास्त्राचे विद्यार्थी इथं चार रात्री ठाण मांडून बसले होते. महामार्ग ६७ वरची रहदारी मोजली, कॅमेरे लावले, स्वतःची गाडी त्या रस्त्यावर पाठवून तिचे दिवे ओळखले. निष्कर्ष बाबांचाच: नैर्ऋत्येला दिसणारे ते दिवे म्हणजे प्रेसिडिओकडच्या रस्त्यावरच्या गाड्या. थंड-गरम हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो, थरथरतो, फुटतो. १८८३ मध्ये एका गुराख्यानं असे दिवे पाहिल्याची गोष्ट तिथं सांगतात आणि तेव्हा मोटारी नव्हत्या, हेही सांगतात. बाबांना ते सांगितलं. ते म्हणाले, "त्याची मी कशाला हमी देऊ? मी आजची गाडी सांगतोय."

आम्ही रात्री साडेअकरापर्यंत बसलो. बाबांनी एकूण चौदा गाड्या मोजल्या, त्यातला एक ट्रक.

आता निघायचंच असेल तर

अल्बुकर्की किंवा लबकहून निघत असाल तर रॉसवेल, दोन रात्री. लास व्हेगासला आधीच जाणार असाल तर एक दिवस रेचेलला द्या, पण अंधार पडेपर्यंत थांबून अॅलामोला मुक्कामाला परता. लॉस एंजेलिसवाल्यांना लँडर्स शनिवार-रविवारात बसतं. डेन्व्हरहून हूपर चार तास. मार्फाला डॅलसहून जायचं तर सात-आठ तास गाडीत. एल पासोपर्यंत विमानानं जाऊन पुढं तीन तास गाडी घेणं पाठीला बरं.

बुकिंगचा क्रम: आधी तिथी, मग खोली, मग वेधशाळा किंवा घुमटाची वेळ, सगळ्यात शेवटी गाडी. मार्फा आणि लँडर्सला खोल्या कमी आहेत, लवकर संपतात. आणि दशम्या मोजून नका करू, दुप्पट करा.